‘थायरॉईडची गोळी सोडा’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

पुण्यातल्या सोसायट्यांच्या, भिशीमंडळांच्या आणि सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये थायरॉईडविषयीचा एक निनावी मजकूर पुनःपुन्हा येत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, ग्रंथी मंदावली की तो वाढतो) मर्यादेत आला की आजार संपला, तरीही थकवा राहिला तर तो गोळीमुळे, कारण गोळीने ग्रंथी आळशी होते, डॉक्टर डोस वाढवतात तो कंपन्यांच्या फायद्यासाठी, म्हणून गोळी बंद करावी, सकाळी धण्याचे पाणी प्यावे, साध्या मिठाऐवजी सैंधव वापरावे, कोबी-फ्लॉवर वर्ज्य करावे, आणि डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही, कारण सगळे तीच गोळी देतात.

हा मजकूर लोकांना पटतो, कारण त्याच्या मुळाशी असलेली तक्रार खरी आहे. गोळी वर्षानुवर्षे चालू असूनही अंग जड राहणे, दुपारनंतर डोळे मिटू लागणे, केस गळणे, पोट साफ न होणे, इतरांना पंखा हवा असताना आपल्याला शाल लागणे, हे सोसणारी माणसे, आणि त्यांत बायका अधिक, जवळजवळ प्रत्येक इमारतीत भेटतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आणि आठ शहरांत केलेल्या एका पाहणीत (पुणे त्या शहरांत नव्हते) प्रौढांमध्ये हायपोथायरॉईडिझमचे, म्हणजे थायरॉईड ग्रंथी मंदावण्याचे, प्रमाण सुमारे 11 टक्के आढळले होते आणि त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. इतक्या लोकांच्या थकव्याला दवाखान्यात कोणी नीट उत्तर दिले नाही, तर ते उत्तर फॉरवर्ड होऊन येणारच. माझा आक्षेप तक्रारीला नाही, तिच्यावर सुचवलेल्या उपायाला आहे.

आधी ‘आळशी ग्रंथी’चा मुद्दा. आपल्याकडे या आजाराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर केलेला हल्ला. हकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने 1912 साली त्याचे वर्णन केले, म्हणून तो हाशिमोतो या नावाने ओळखला जातो. ग्रंथीची झीज गोळीच्या आधीच सुरू झालेली असते आणि गोळी बंद केल्याने ती भरून निघत नाही. गोळीत असते ते थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथी स्वतः तयार करते तेच द्रव्य. एडवर्ड केंडॉल यांनी ते 25 डिसेंबर 1914 रोजी प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. बाहेरून थायरॉक्सिन मिळाल्यावर निरोगी ग्रंथी आपले काम कमी करते, हे खरे आहे. पण ते बाहेरून मिळणे थांबले की ती पुन्हा कामाला लागते. जिच्या पेशीच नष्ट झाल्या आहेत, तिला गोळीने आळस आणला असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग ‘मी गोळी सोडली आणि मला काहीच झाले नाही’ असे सांगणारे खोटे बोलतात का? बहुतेक वेळा नाही. रक्तातले थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. गच्चीवरची टाकी भरलेली असताना मोटर बंद केली तरी नळाला पाणी येतच राहते, तसे पहिले दोन-तीन आठवडे विशेष काही जाणवत नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत माणूस आपला अनुभव गटावर लिहून मोकळा होतो. दोन महिन्यांनंतरचा त्याचा टीएसएच कोणी टाकत नाही. शिवाय काही जणांची गोळी खरोखरच सुटते : बाळंतपणानंतर काही महिने होणारी थायरॉईडची सूज अनेकींच्या बाबतीत आपोआप ओसरते, आणि टीएसएच किंचितच वाढलेला असेल तर पुन्हा केलेल्या तपासणीत तो कधी कधी पूर्ववत झालेला दिसतो. अशा लोकांनी त्या काळात धण्याचे पाणी घेतले असेल, तर श्रेय त्या पाण्याला जाते.

आता या मजकुरातला सर्वांत घातक मुद्दा : टीएसएच मर्यादेत आला म्हणजे आजार संपला. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीचा थायरॉईडला दिलेला आदेश आहे. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की आदेशाचा जोर वाढतो. गोळी घेणाऱ्याचा टीएसएच मर्यादेत असतो तो गोळीमुळे. त्यावरून गोळी नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे तो आकडा ज्याच्या आधारावर उभा आहे तोच काढून घेणे होय.

पण दवाखान्यात ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, ताण घेऊ नका’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे हेसुद्धा याच चुकीचे दुसरे रूप आहे. अनेकदा तो नॉर्मल रिपोर्ट वर्षभरापूर्वीचा असतो. अनेकदा निदानाच्या वेळी जपून सुरू केलेला 25 मायक्रोग्रॅमचा डोसच कायमचा होऊन बसलेला असतो. ज्याची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे, अशा प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला शंभराच्या आसपास. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर 12.5 किंवा 25 पासून सुरुवात करणे योग्यच आहे. मात्र सुरुवात केल्यावर दर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून पुढची पायरी ठरवायची असते. ती पायरी राहून जाते, रुग्ण औषधांच्या दुकानातून तीच बाटली वर्षानुवर्षे आणत राहतो आणि अपुऱ्या उपचाराला आपला स्वभाव किंवा आपले वय समजू लागतो.

डोस योग्य असूनही तो रक्तात पोहोचत नाही, असेही होते, आणि पुण्यातल्या सकाळच्या दिनक्रमात त्याला भरपूर वाव आहे. गोळी घेऊन तळजाई किंवा पर्वती चढायची, उतरल्याबरोबर अमृततुल्यचा दुधाचा चहा घ्यायचा, घरी येऊन नाश्त्याबरोबर कॅल्शियमची आणि लोहाची गोळी घ्यायची, हा क्रम आरोग्यदायी वाटतो. पण दूध, कॉफी, कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधे थायरॉक्सिनचे शोषण कमी करतात. साध्या पाण्याबरोबर उपाशीपोटी गोळी घेऊन किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, दुसरे काही घेऊ नये आणि कॅल्शियम व लोह यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी गोळी घेता येते. रोज एकच वेळ पाळणे महत्त्वाचे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या गोळ्या रोज चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. डोस वाढवत नेऊनही टीएसएच खाली येत नसेल, तर सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) किंवा जठराची जुनाट सूज यांचा शोध घ्यावा लागतो. बाटली ओट्यावर गॅसशेजारी ठेवणे हेही टाळावे, कारण उष्णता, ओल आणि उजेड यांनी हे औषध निकामी होते.

चाचणीचीही एक अडचण आहे. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही प्रकारच्या यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी-4 (रक्तातले थायरॉक्सिन) खोटेच जास्त दिसते. केस गळतात म्हणून बायोटिन घ्यायचे, त्यामुळे रिपोर्ट चांगला यायचा आणि म्हणून केस गळण्याचे खरे कारण तसेच राहायचे, असे हे दुष्टचक्र आहे. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे, नमुना सकाळी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावा, आणि शक्यतो प्रयोगशाळा तीच ठेवावी. पिच्युटरीचाच बिघाड असेल, उदाहरणार्थ बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावानंतर, तर टीएसएच मुळीच विश्वासार्ह राहत नाही आणि फ्री टी-4, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉक्सिन, पाहावे लागते. हे क्वचित घडते. पण बाळंतपणानंतर दूध आलेच नाही, पाळी परतलीच नाही, असे कोणी सांगत असेल तर ऐकणाऱ्याने तिथे थांबायला हवे.

हे सगळे तपासूनही काही जणांचा थकवा राहतोच. व्यक्तीचा स्वतःचा टीएसएच प्रयोगशाळेच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ अरुंद पट्ट्यात फिरत असतो, त्यामुळे ‘माझ्यासाठी योग्य आकडा कोणता’ हा प्रश्न रास्त आहे. मात्र मर्यादेच्या आतल्या आत डोस थोडा बदलून पाहिलेल्या प्रयोगांत रुग्णांना फारसा फरक जाणवला नाही, हेही मान्य करायला हवे. अशा वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, साखर, झोपेत श्वास अडकणे, रजोनिवृत्तीचा काळ आणि नैराश्य यांच्याकडे पाहावे लागते. नैराश्य हा शब्द इथे रुग्णाला गप्प करण्यासाठी नाही. तोही तपासून उपचार करण्याजोगा आजार आहे.

डोस वाढवण्यात कंपनीचा फायदा आहे, या आरोपाला उत्तर लहान आहे. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतले थायरॉक्सिन, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. महिन्याच्या खर्चात बहुतेक घरांत थायरॉईडच्या गोळीपेक्षा चहापूड महाग पडते. डोसची गरज वाढण्याची कारणे शरीरातच असतात : ग्रंथीची पुढे सरकलेली झीज, वाढलेले वजन, इस्ट्रोजेनच्या गोळ्या, गर्भारपण. गर्भ राहिल्याचे कळताच डोस साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि त्यासाठी पुढच्या नेहमीच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांशी बोलावे लागते. त्या वेळी हा मजकूर वाचून कोणी गोळी सोडली तर धोका आई आणि बाळ दोघांनाही असतो. याउलट, वजन उतरावे म्हणून मनानेच डोस वाढवणेही तितकेच वाईट : त्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात. या आजारामुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोंच्या आसपासच असते, त्यातले बरेचसे क्षार आणि पाण्याचे. वीस किलोंचा हिशेब थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाही.

धण्याच्या पाण्याने हायपोथायरॉईडिझम बरा होतो याला विश्वासार्ह पुरावा नाही. आवडत असेल तर प्यावे, गोळीची जागा त्याला देऊ नये. शिजवलेली कोबी आणि फ्लॉवर, पुरेसे आयोडीन मिळत असेल तर, नेहमीच्या प्रमाणात निर्धोक आहेत. सैंधवाचे मात्र वेगळे आहे. एकादशीला, चतुर्थीला सैंधव वापरल्याने काही बिघडत नाही. पण आयोडीन न घातलेले सैंधव वर्षभर घरात वापरणे म्हणजे 1962 पासून चालवलेल्या गलगंड नियंत्रणाच्या कामावर आपल्या स्वयंपाकघरापुरते पाणी सोडणे आहे. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर हा प्रयोग अजिबात करू नये. हाशिमोतोच्या रुग्णाने उलट टोकाला जाऊन आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नयेत. जादा आयोडीन ग्रंथीला आणखी मंदावते.

‘सगळे डॉक्टर तीच गोळी देतात’ हे वाक्य अर्धे खरे आहे. गोळी तीच असते, पण ती किती, केव्हा, कशाबरोबर आणि कोणत्या आकड्याकडे पाहून द्यायची, यात डॉक्टरा-डॉक्टरांत मोठा फरक पडतो. बहुतेक रुग्णांना चांगला फॅमिली डॉक्टर पुरतो. डोस बदलूनही टीएसएच स्थिर राहत नसेल, गर्भधारणा हवी असेल, हृदयविकार असेल किंवा गळ्यात गाठ जाणवत असेल, तर एंडोक्रायनॉलॉजीत (अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्रात) डी. एम. ही पदवी घेतलेल्या तज्ज्ञाकडे जावे. खाजगी शुल्क परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात करता येते. आपल्या डॉक्टरांना दुसरे मत घेतो असे सांगण्यात अवमान नाही, आणि तो मानणाऱ्या डॉक्टरांकडे परत जाण्याचे बंधनही नाही. जाताना रिपोर्टांची जाडजूड फाईल नेण्यापेक्षा एका कागदावर तारीख, टीएसएच, त्या वेळचा डोस आणि वजन अशा ओळी लिहून न्याव्यात, आणि खाली सकाळी उठल्यापासून अकरा वाजेपर्यंत पोटात काय काय जाते ते खरे खरे लिहावे. 25 चा डोस चार वर्षांत एकदाही बदललेला नाही, किंवा गोळीनंतर दहा मिनिटांत चहा होतो, हे त्या कागदावर कोणत्याही डॉक्टरला पहिल्याच नजरेत दिसते.