मान मोडून काम

लहानपणी घरचे सांगायचे, ‘मान मोडून अभ्यास कर.’ मला तो वाक्प्रचार वाटायचा. ती आगाऊ सूचना होती हे कळायला ४२ वर्षं आणि एक मार्च महिना लागला.

मी सांगलीत करसल्लागाराचं काम करते. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली, जेवणाच्या टेबलाची निवृत्त खुर्ची आणि एक लॅपटॉप. मार्चमध्ये १५ तारखेला ॲडव्हान्स टॅक्स, २० तारखेला जीएसटीचं थ्री-बी, म्हणजे दरमहाचं विवरणपत्र, आणि ३१ला उरलेलं सगळं. यंदा १२ तारखेला सकाळी उठले तर मान डावीकडे वळेना. उजवीकडे वळत होती, पण उजवीकडे भिंत होती.

मान धरली की माणूस एकदम करारी दिसायला लागतो. कुणी हाक मारली तर नुसतं बघता येत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. दूधवाला दोन दिवस माझ्याशी फार अदबीनं बोलत होता. तोटा एवढाच की ‘नाही’ म्हणायला मान हलवावी लागते. त्या आठवड्यात एका नात्यातल्या गृहस्थांनी त्यांच्या सोसायटीचे हिशेब फुकट बघून द्याल का, असं विचारलं. माझ्या ताठ मानेला त्यांनी होकार समजून फाइल ठेवली आणि चहा न पिता निघून गेले.

घरात तपास सुरू झाला. सासूबाईंनी पहिला संशयित लगेच पकडला : उशी. उशी गच्चीवर उन्हात टाकली की मान सुटते, हा त्यांच्या माहेरचा इलाज. मार्चमधल्या सांगलीच्या उन्हात दिवसभर भाजलेली उशी रात्री माझ्या डोक्याखाली आली तेव्हा तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीवर झोपल्यासारखं वाटलं. नवऱ्याचा संशय पंख्यावर होता. माझ्या आईनं फोनवरून ‘रात्री केस धुतले असशील’ असा निकाल दिला. रोज ११ तास जिच्यासमोर मी वाकून बसते, त्या वस्तूचं नाव आरोपपत्रात कुणीच घातलं नाही.

मग मानेवरून लाटणं फिरवून झालं, निर्गुंडीचं तेल झालं, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक झाला. अशिलांना चार दिवस माझ्या फायलींना थालीपिठाचा वास येत होता.

१६ तारखेला चार्जरची पिन टेबलाखाली पडली. ती उचलायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की मी वाकले तिथेच राहिले. भिंतीचा आधार घेत घेत काटकोनात स्वयंपाकघरापर्यंत पोचले. सासूबाईंनी मला एकदा पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क उत्साह आला. ‘थांब तशीच,’ त्या म्हणाल्या. (दुसरा पर्याय मला नव्हताच.) ‘पायाळू बघते कुणी.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जो पायाकडून जन्माला येतो तो पायाळू, आणि त्यानं उसण भरलेल्या जागी लाथ मारली की उसण जाते, असा आपल्याकडे समज. पूर्वी आळीत एखादा तरी असायचा. आता बाळ पायाकडून येतंय असं दिसलं की डॉक्टर बहुतेक वेळा सिझर करतात, त्यामुळे ही जमात झपाट्यानं कमी होत चालली आहे. आमच्या भाग्यानं शेजारचा पिंट्या, इयत्ता चौथी, पायाळू असल्याची वदंता होती. त्याला त्याच्या आजीसकट बोलावण्यात आलं आणि तिथे कायदेशीर अडचण उभी राहिली. पिंट्या सिझरचा होता.

‘सिझरचा कसा पायाळू होईल?’ सासूबाई म्हणाल्या. ‘आधी पाय आले की डोकं, ते कुणी बघितलंय?’

‘पोटात पाय खालीच होते की ओ,’ पिंट्याची आजी म्हणाली. ‘सोनोग्राफी आहे घरी.’

शब्दाचा अर्थ काटेकोर लावायचा की तरतुदीमागचा हेतू बघायचा, हा आमच्या धंद्यातला जुना वाद. त्यावर मी स्वतः तासभर बोलू शकते. त्या क्षणी मात्र मला फरशीच्या चार चौकटी आणि सासूबाईंची पावलं एवढंच दिसत होतं. अखेर दहा वर्षांपूर्वीची फाइल आली. वाचायला चष्मा लागतो म्हणून दोघींनी ती माझ्या नाकाखाली फरशीवर ठेवली. ‘ब्रीच’ (म्हणजे बाळ उलटं) हा शब्द मी वाकल्या वाकल्या मोठ्यानं वाचून दाखवला आणि दावा मंजूर झाला.

लाथा तीन ठरल्या होत्या. पिंट्या कराटेच्या क्लासला जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथी त्यानं स्वतःच्या हौसेनं मारली. फी एक चॉकलेट, मोठं. उसण गेली नाही, पण मी तिरीमिरीत सरळ उभी राहिले, आणि सासूबाई गल्लीभर आमचा निकाल सांगून आल्या.

दुसऱ्या दिवशी गुपचूप फिजिओथेरपिस्टकडे गेले. विशीतली मुलगी. ‘काकू, तुम्ही बसता कशा?’ म्हणाली. काकू हा शब्द कमरेपेक्षा जास्त लागला. नवऱ्यानं काम करताना काढलेला माझा फोटो तिला दाखवला. त्यात माझं नाक स्क्रीनपाशी होतं आणि खांदे कानांना भेटायला निघाले होते. तिनं समजावलं की माणसाच्या मानेत सात मणके असतात, जिराफाच्याही सातच. डोकं साधारण पाच किलोचं. ते सरळ असलं तर ठीक, पण जितकं पुढे झुकेल तितका मानेवर भार वाढतो. न्यूयॉर्कच्या एका सर्जननं २०१४मध्ये त्याचं गणित मांडलं होतं : ६० अंश झुकलं की भार २७ किलोंच्या आसपास. हे मी माझ्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याला सांगितलं. त्याचा एक बॉक्स १५ किलोंचा. तो क्षणात म्हणाला, ‘म्हणजे दोन बॉक्सला तीन किलो कमी. हमाल लावा की ओ मॅडम.’

तिनं दिलेला मुख्य व्यायाम म्हणजे नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. दुहेरी हनुवटी दिसली की व्यायाम बरोबर. तो मी अशिलांसमोर बसल्या बसल्या करू लागले. एक हॉटेलवाले खर्चाची यादी वाचत होते. मी हनुवटी मागे ओढली. ते थांबले. मी धरून ठेवली. पाच सेकंदांनी ते म्हणाले, ‘बरं, मुलीच्या वाढदिवसाचं काढून टाकतो त्यातनं.’ एवढा परिणाम मी घातलेल्या नोटिशींच्या भीतीचाही कधी झाला नव्हता.

आणखी दोन हुकूम होते : स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पाय जमिनीवर टेकलेले. लॅपटॉप उंच करायला देवघरातला चौरंग आणला आणि वेगळा कीबोर्ड घेतला. माझे पाय टेकत नाहीत म्हणून खाली पाट. चौरंगावर लॅपटॉप, पाटावर मी पाय ठेवलेली. समोर फक्त निरांजन लावायचं बाकी होतं. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं आत येताना चपला काढल्या आणि सवयीनं हात जोडले. मान मात्र तीन दिवसांत सुटली. थ्री-बी वेळेत गेलं.

आणि चैत्रगौर आली. चौरंग तिचा. सासूबाईंनी लॅपटॉप उचलून दिवाणावर ठेवला, चौरंग धुतला, पुसला आणि नेला. त्यांच्याशी या विषयावर वाद घालण्याइतकी माझी मान अजून मोकळी झाली नव्हती.

सुदैवानं १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू झाला. ५३६ कलमांचा. १९६१च्या कायद्याचे माझ्याकडचे जाडजूड ग्रंथ, टीकांसकट, कपाटात तसेच होते. तीन एकावर एक रचले तर उंची चौरंगापेक्षा बोटभर जास्तच भरली. जन्मभर माझी मान खाली घालायला लावणाऱ्या पुस्तकांनी निवृत्त झाल्यावर ती वर उचलून धरली, म्हणून मी खूश होते. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी एक जण फेब्रुवारीत विकलेल्या प्लॉटचे कागद घेऊन आला. सरकारी मूल्यांकन विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणजे फिफ्टी-सी हे कलम बघायला हवं. गेल्या वर्षीचं उत्पन्न, म्हणजे जुनाच कायदा. आणि ते पुस्तक सर्वांत खाली.

मी लॅपटॉप एका हातानं धरला, वाकले आणि दुसऱ्या हातानं पुस्तक ओढलं.

‘आई,’ मी आहे तिथूनच हाक मारली.

सासूबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या. ‘पिंट्याचा पेपर अकराला सुटतो,’ त्या म्हणाल्या. ‘तोवर हलू नकोस.’