आठवीतल्या पोराला सीमा कसली?

बेळगावात शाळकरी पोरांना गुटखा-सिगारेट सर्रास मिळते असं कोणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘सीमाभाग आहे, इकडं बंद केलं तर तिकडून येणार.’ कोल्हापूरकर कर्नाटकातल्या निपाणीकडं बोट दाखवतात, निपाणीकर महाराष्ट्रातल्या कागलकडं. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं, कारण या वादात पानपट्टीवाला कुठंच नसतो.

त्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करतो. महाराष्ट्रात गुटख्याबरोबर पानमसालाही बंद. कर्नाटकात गुटखा २०१३ पासून बंद, पण बिनतंबाखूचा पानमसाला आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी मिळते. दोन्ही तळहातावर ओतली की झाला गुटखा. कर्नाटकानं २०२५ मध्ये वयाची अट १८ वरून २१ केली, महाराष्ट्रात ती १८च. म्हणजे निपाणीचा १९ वर्षांचा पोरगा कागलला जाऊन सिगारेट घेऊ शकतो. पण आठवीतल्या पोराला दोन्हीकडं बंदीच आहे. तो कशाला एसटी पकडतोय? तो शाळेच्या कोपऱ्यावर जातो, एक सुटी सिगारेट घेतो आणि टपरीला दोरीनं टांगलेल्या लायटरवर पेटवतो.

खरी गोम त्या सुट्या सिगारेटीत आहे. पाकीट पोराला परवडत नाही, एक परवडते. शिवाय पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारा इशारा त्याच्या हातातच पडत नाही. कर्नाटकच्या दुरुस्तीनं सुटी विक्री बंद केली, हे उत्तम. आमच्याकडं इंग्लंडात ती १९९१ च्या कायद्यानंच बंद झाली आणि २०१७ पासून २० पेक्षा कमी सिगारेटींचं पाकीटही मिळत नाही.

कायदा तोकडा नाही. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात १८ खालच्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पण तपासणीची जीप येते तेव्हा टपरीसमोर पोर नसतंच. ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक आहे का ते बघायचं, पावती फाडायची, निघायचं. गुन्हा मात्र पोर समोर उभं असतानाच होतो, म्हणून तो पकडायला पोरच पाठवावं लागतं.

इंग्लंडातले ट्रेडिंग स्टँडर्ड्सवाले, म्हणजे दुकानांवर नजर ठेवणारे स्थानिक पालिकेचे अधिकारी, तेच करतात. १५-१६ वर्षांचा स्वयंसेवक, पालकांची लेखी संमती, वयापेक्षा मोठं दिसेल असा पेहराव नाही, त्या दिवशीचा फोटो नोंदीत. अधिकारी गिऱ्हाईक म्हणून आधीच आत उभा. पोरानं एकदाच मागायचं, गळ घालायची नाही; गळ घातली की दुकानदाराचा वकील तेच धरून बसतो. मिळालेला माल लगेच पिशवीत सीलबंद, वर वेळ आणि सही. बेळगावात एक पथ्य जास्तीचं: शहापूरच्या टपऱ्यांवर शहापूरचं पोर पाठवू नये. दुकानदार बापाला ओळखतो, आणि त्या घराला पुढं त्याच गल्लीत राहायचं असतं. खानापूरचं पाठवावं.

पुढचा प्रश्न धाकाचा. हजार रुपये भरून टपरी संध्याकाळी पुन्हा उघडते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांत तीनदा सापडलात तर न्यायालय वर्षभर तंबाखू विकायला बंदी घालू शकतं. बेळगाव पालिकेनं तंबाखूचा वेगळा परवाना काढला तर रद्द करायला काहीतरी हातात राहील. परवानाधारक दुकानात चॉकलेट, बिस्किटं नकोत, असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. पोर टपरीवर पहिल्यांदा जातं ते त्याचसाठी. (खुद्द इंग्लंडात असा परवाना इतकी वर्षं नव्हता, हे मी सहसा सांगत नाही.)

आणखी एक सांगत नाही. इथल्या आपल्याच लोकांच्या काही दुकानांत ओळखीच्या गिऱ्हाइकाला गुटख्याची पुडी काउंटरखालून मिळते, आणि ‘चॅलेंज २५’ ची (पंचविशीच्या आतला दिसला तर वयाचा पुरावा मागा, अशी) पाटी वर तशीच लटकत असते. त्यावर इतक्या तावातावानं लिहावंसं मला कधी वाटलं नाही. इथली पोरं मला माझी वाटत नाहीत, बेळगावची अजून वाटतात. तिथं मत देत नसलो तरी.