लाल पट्टी काढणार नाही

कालपासून डोकं तापलंय. घरात कुणाला सांगायला गेलं की हसतात, म्हणून लिहूनच काढते.

पोराच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन झालं. सातवीला आहे तो. त्याला विषय मिळाला घरगुती वॉटर फिल्टर. मॉडेल पहिल्या पाचांत आलं, पुढच्या फेरीला जाणार. पेढे आणायला निघाले होते मी. खरं तेवढ्यात सरांचा मेसेज : "मॉडेल छान आहे. फक्त ती लाल पट्टी काढून पाठवा, इम्प्रेशन खराब होतंय."

पट्टीवर काय लिहिलंय? "हे पाणी पिऊ नका." चार शब्द. त्यांच्यानं कुणाचं काय खराब होतंय?

ती पट्टी कशी आली ते ऐका. रात्री साडेआठला ग्रुपवर फर्मान, परवा मॉडेल पाहिजे. आता कोळसा कुठनं आणू? चूल जाऊन घरात किती वर्षं झाली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री फिरवतो, त्याच्याकडनं डबाभर मागून आणला. "अक्का, कपडे कुठायत?" म्हणून तो माझ्या रिकाम्या हाताकडं बघत राहिला. वाळूची तर आणखी तऱ्हा. नदीची वाळू आता दिसते कुठं? शेजारच्या बांधकामावर सगळी एम-सँड, क्रशरमधनं आलेली. ती किती धुवा, पांढरं पीठ सुटतच राहातंय. सात बादल्या पाणी गेलं. नळ चार दिवसांनी येतो त्या घरात सात बादल्या! सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पाणी गाळायला एवढं पाणी ओतालीस?" काय उत्तर देणार? सातवी बादली त्यांच्या तुळशीला घातली.

बाकी काम सोपं. दोन लिटरची बाटली, बूड कापून उलटी धरायची. टोपणाला भोकं, आत सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा आणि कापूस. त्यावर कुटलेला कोळसा, मग बारीक वाळू, मग जाड वाळू, सगळ्यात वर खडी. काडीकचरा वरच्या खडीतच अडकला पाहिजे, नाहीतर बारीक वाळू लगेच तुंबते. आणि पहिल्यांदा ओतलं तर काय? गढूळ गेलं आणि काळंकुट्ट आलं. "मम्मी, हे अजून काळं याय लागलंय की!" कोळसा धुवायचा राहिला होता ना. परत सगळं उपसलं, कोळसा धुतला, परत भरलं. पाचव्या खेपेला नितळ पाणी टपकाय लागलं. रात्रीचे अकरा वाजले होते, पोरगं नाचत होतं.

आणि नाचता नाचता गडी पेला तोंडाला लावाय लागला. मी हातावर चापट मारली, पेला उडाला. कारण ते पाणी कुठलं, ते त्यानं तेव्हा सांगितलं : बळ्ळारी नाल्याचं! शाळेतनं येताना बाटलीत भरून आणलं होतं, "चांगलं गढूळ पाहिजे होतं" म्हणून. वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांना विचारा तो नाला काय चीज आहे. अख्ख्या बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन वाहतो, आणि पावसाळ्यात भातात शिरतो.

मग बसून समजावलं. बारीक वाळूचा दाणा अर्धा मिलिमीटर धर. जंतू असतो मिलिमीटरचा हजारावा-दोन हजारावा भाग. त्याला दोन दाण्यांमधली फट म्हणजे खडेबाजारचा रस्ता. कोळसा थोडा वास ओढतो, थोडा रंग ओढतो, जंतू मारत नाही. त्यासाठी पाणी खळखळून उकळायला लागतं. पोराला पटलं. स्वतः उठून लाल स्केच पेननं पट्टी लिहिली त्यानं. माझ्या मते अख्ख्या मॉडेलात तेवढंच खरं सायन्स होतं.

आता एक्झिबिशनचा तमाशा. शेजारच्या टेबलावर थर्माकोल, चमकी, लायटिंग, वर सोनेरी अक्षरांत "शुद्ध पिण्याचे पाणी". चीफ गेस्ट आले, त्या फिल्टरचं पाणी पेल्यात घेतलं आणि फोटोसाठी दोन घोट प्यायले. टाळ्या! पहिली-दुसरीची पोरं पुढं उभी राहून बघत होती. ती उद्या घरी जाऊन काय करतील? गढूळ पाणी पोरगं तोंडाला लावत नाही हो, नितळ दिसलं की लावतंय!

मी सरांना फोन केला. म्हणाले, "मॅडम, पूर्वी वाळूनंच गाळत होते की, कॉलरासुद्धा थांबला होता." मीही बीएस्सी झालेय, वीस वर्षं झाली असतील, खरं विसरले नाही. 1892 ला जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्यानं आठ हजारांवर माणसं गेली आणि शेजारचं आल्टोना बरंचसं वाचलं, हे खरंच. तिथं त्याच एल्ब नदीचं पाणी वाळूतनं गाळून द्यायचे. खरं ती वाळू हातभर खोल, पाणी मुंगीच्या पावलानं उतरायचं, आणि वरच्या थरात जंतूंना खाणारा शेवाळासारखा साका धरायला आठवडे लागायचे. आमची बाटली रात्री अकराला तयार झाली, सर! आणि आज शहराला पाणी देणारेसुद्धा वाळूतनं गाळल्यावर वर क्लोरीन घालतात. ते काय हौस म्हणून?

त्यावर सर काय म्हणाले माहीत आहे? "एवढं कोण वाचतंय मॅडम, लहान मुलांचं आहे."

लहान मुलांचं आहे म्हणूनच तर बोंबलतेय मी!

सोमवारी मॉडेल न्यायचंय. नवरा म्हणतोय काढून टाक, दोन मार्कांसाठी कशाला वाद. पोरगं काही बोललं नाही. सकाळी बघते तर पट्टी फेव्हिक्विकनं चिकटवून ठेवलीय, आणि खाली कन्नडमध्येही लिहिलंय.