अंगणवाडीचं जेवण बंद करायला लावणाऱ्या मेसेजला उत्तर

कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात दिलेली माझी भाची पोटुशी आहे, सहावा महिना. परवा फोन केला तर म्हणते, मावशी, अंगणवाडीला जायचं सोडलंय, सासूबाई नको म्हणालेत. का, तर मोबाईलवर मेसेज आलाय. मी तो मागवून घेतला आणि वाचून डोकंच फिरलं. त्यात चार गोष्टी आहेत. अंगणवाडीचा तांदूळ प्लास्टिकचा असतो, तिथलं जेवून बाळ मोठं होतं आणि सिझर करावं लागतं, नाव घातलं की रेशन कमी होतं, आणि सगळा माल बाहेरच विकला जातो म्हणून जायचा उपयोग नाही.

तांदळाचं आधी. त्या तांदळात मधेच वेगळ्या रंगाचे, जरा गुळगुळीत दाणे दिसतात हे खरं आहे, पण ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ मिसळून मशीनवर दाण्याच्या आकारात काढतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात टाकतात. आता बायका काय करतात, सुपात घेऊन नेमके तेच दाणे वेचून फेकून देतात! म्हणजे ज्याच्यासाठी तो तांदूळ दिलाय तेवढंच गेलं. घरात कुणाला थॅलेसेमिया, म्हणजे तो रक्ताचा जन्मजात आजार, असेल तर त्यांनी डॉक्टरला विचारावं, तेवढी एक गोष्ट सोडली तर घाबरायचं कारण नाही.

आता सिझरचं. मला सगळ्यात राग याचाच आला कारण हे ऐकून बाई उपाशी राहते. आमच्याकडं जुन्या बायका अजून सांगतात, कमी खा, बाळ बारीक राहिलं की सुटका सोपी होते. अहो, आई कमी जेवली की बाळ अडीच किलोच्या आत जन्मायची भीती असते, अशी बाळं पटकन आजारी पडतात, आणि आईच्या अंगात रक्त नसेल तर बाळंतपणात रक्तस्राव झाल्यावर तिला वाचवणं अवघड होतं. कर्नाटकात २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गरोदर बायकांपैकी जवळजवळ निम्म्या रक्त कमी असलेल्या निघाल्या, आणि अशा बाईला अंगणवाडीत जेवू नको सांगायचं? सिझर होतं ते बाळ आडवं असलं, बीपी वाढलं, आधीचं सिझर असलं, अशा कारणांनी. साखर वाढलेली असली तर बाळ खरंच मोठं होऊ शकतं, हे मान्य, पण अशा बाईनं काय खायचं ते डॉक्टर सांगतील, फॉरवर्ड करणारा नाही. आणि उलट बघा, लहानपणी पोटभर मिळालं नाही म्हणून ज्या मुलींची उंची वाढत नाही, कंबर अरुंद राहते, त्यांचं बाळंतपण जास्त अडतं. म्हणजे उपाशी ठेवून सिझर टळतं हा हिशोब मुळातच उलटा आहे.

कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजना आहे, गरोदर आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, भात, आमटी, भाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. अंडं न खाणाऱ्यांना मोड आलेली कडधान्यं. यात विष कुठलं आलं? अंगणवाडीत बसूनच जेवायला सांगतात त्याचा बायकांना राग येतो, शेतातनं एवढ्या लांब कोण येणार म्हणतात, रानातल्या वाड्यांना ते खरंच जड जातं. पण डबा घरी आला की त्याचे पाच वाटे होतात आणि बाईच्या ताटात उरलेलं पडतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

रेशन कमी होतं हे तर सपशेल खोटं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये रेशनचं धान्य कलम ३ खाली आहे, गरोदर आणि बाळंतिणीचं फुकट जेवण कलम ४ खाली, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत, आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचं कलम ५ खाली. एकानं दुसरं कापलं जात नाही. त्याच कायद्याच्या जोडपत्रात गरोदर बाईला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत असं लिहिलंय. बीपीएल कार्ड पाहिजेच असंही नाही, बीपीएलची अट घालू नका असं सुप्रीम कोर्टानं २००४ मध्येच सांगितलंय. तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीचं सरकारी कार्ड, असलं की ते घेऊन जा आणि नाव घाला.

माल बाहेर जातो हे मात्र मी खोटं म्हणणार नाही. काही ठिकाणी जातो, आणि पुष्टीची, म्हणजे लहान मुलांच्या पोषक पिठाची, पाकिटं म्हशीला घातलेली मी पण बघितलीत. पण म्हणून जायचं सोडलं तर चोरणाऱ्यालाच बरं, कारण विचारायला कुणी उरत नाही. जेवण किंवा धान्य दिलंच नाही तर सरकारनं भत्ता द्यायचा असं कलम ८ सांगतं. तर तक्रार लेखी द्या, अंगणवाडीच्या सुपरवायझरकडं द्या, ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या. कन्नड येत नाही म्हणून आपल्या बायका गप्प बसतात, पण घटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रार मराठीत लिहून देता येते, आणि भाषा बघून ती परत करायचा अधिकार कुठल्याही ऑफिसला नाही.