पाय गरम आहे म्हणजे नस शाबूत?

धुळे-जळगाव पट्ट्यात सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: गुडघ्याला मार लागला, पण पाय गरम असेल आणि बोटं हलत असतील तर नस शाबूत असते, सीटी अँजिओ (रक्तात औषध सोडून धमन्यांचे फोटो काढायची तपासणी) म्हणजे पैसे उकळायचा धंदा, आणि नस खरंच तुटली तर पाय कापण्यावाचून इलाज नाही. मी सीटीच्या मशीनवर काम करतो. या मजकुरापायी एखाद्याचा पाय जाईल, म्हणून लिहितोय.

मजकुरातली 'नस' म्हणजे पायाला रक्त नेणारी गुडघ्यामागची धमनी. ती वर आणि खाली जखडलेली असते. गुडघा निखळला की ती ताणली जाते. बाहेरून अखंड राहते, पण आतलं अस्तर फाटतं आणि तिथे हळूहळू गुठळी धरते. तोवर रक्त जात राहतं, बाजूच्या बारीक धमन्याही थोडं पुरवतात, म्हणून पाय गरम लागतो. कित्येकदा गुडघा आपोआप जागेवर बसतो, मग एक्स-रेतही काही दिसत नाही. पारोळ्याकडचा एक पोरगा मोटारसायकलवरून पडून असाच आला होता. "पाय गरम शे ना भाऊ," त्याचे वडील सारखे म्हणत होते. पावलावर नाडी लागली तिथे सिस्टरने पेनाने फुली मारली होती. दोन तासांनी त्याच फुलीवर बोट ठेवलं, तर नाडी नव्हती. सीटीत धमनी गुडघ्यामागे कापल्यासारखी थांबलेली.

अँजिओ प्रत्येकाला लागत नाही, हे खरं. घोट्याच्या रक्तदाबाला हाताच्या रक्तदाबाने भागायचं, उत्तर ०.९ च्या खाली आलं तर तपासणी हवीच. रक्ताची चिळकांडी उडत असेल किंवा पाऊल गार, पांढरं पडलं असेल तर बहुधा सीटीसाठी न थांबता थेट ऑपरेशनला नेतात.

दुसऱ्या महायुद्धात ही धमनी नुसती बांधून टाकायचे, तेव्हा १०० पैकी सुमारे ७३ पाय जात. कोरियाच्या युद्धात ती जोडायला लागले आणि आकडा ३० च्या आसपास आला. आज चांगल्या पायातली शीर काढतात, आतल्या झडपा रक्ताला आडव्या येऊ नयेत म्हणून उलटी करून जोडतात. पोटरीत दाब साचू नये म्हणून लांब चिरे देतात. ते बघून नातेवाईक हबकतात, पण स्नायू त्यानेच वाचतात.

मात्र रक्ताविना स्नायू साधारण ६ तासच तग धरतात, आणि धडगावहून धुळं गाठायलाच काही तास जातात. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा: रक्तवाहिन्यांचे सर्जन आत्ता आहेत का?

त्या पोराची धमनी त्याच रात्री जोडली. सकाळी फुलीवर नाडी परत लागली.