सुभेदाराच्या पोरांना मसूरला गाडी का मिळेना?

"बाबासाहेबांचे वडील सुभेदार, घरात पेन्शन. मग कसली अस्पृश्यता? सगळं नंतर रंगवलेलं." हा मेसेज आता भाचीच्या वर्गाच्या पालक-ग्रुपवर फिरतोय आणि खाली अंगठ्यांची रांग लागलीय.

खरं तेवढं कबूल. रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यामुळे घरात वाचन होतं आणि पेन्शनही होती.

पण पैसे असले की जात आड येत नाही, हे कुणी सांगितलं? १९०१ चा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या छोट्या पुस्तकात लिहिलाय. वडील तेव्हा कोरेगावला नोकरीला होते. सुट्टीत नऊ वर्षांचा भिवा (म्हणजे लहानगे बाबासाहेब) आणि घरातली पोरं साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, खिशात पैसे. स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणाची मुलं वाटली. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहराच बदलला. पुढे कोरेगावला न्यायला बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि मालक बाजूनं चालणार! तीन तासांची वाट सांगितली होती, पोरं पोचली दुसऱ्या दिवशी. सोबत डबा होता, पण प्यायला पाणी नाही म्हणून रात्रभर उपाशी. वाटेतल्या टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागितलं, तरी मिळालं नाही.

शाळेतही तेच. भिवा बसायचा स्वतःच्या गोणपाटावर आणि संध्याकाळी ते घरी न्यायचा, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. नळ त्यानं स्वतः सोडायचा नाही, शिपायानं सोडायचा. शिपाई नसला तर तहान तशीच. धुणं आणि केस कापणं बहिणींकडे. ते लिहितातच की धोबी-न्हावी गावात होते, त्यांना द्यायला पैसेही होते. मेसेजवाल्यानं ही दोन पानं वाचली असती तरी पुरे होतं.

"शिक्षकांनी दत्तक घेऊन आडनाव दिलं" हाही मुद्दा आहे. आंबेडकर आडनावाचे मास्तर होते आणि जीव लावायचे, जेवणातली भाजी-भाकरी द्यायचे, हे बाबासाहेबांनीच सांगितलंय. दत्तकाची गोष्ट मात्र बनावट. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत नाव लागलं ते 'भिवा रामजी आंबेडकर'. बापाचं नाव जागच्या जागी आहे.

"संस्कृत स्वतःच नाकारलं" म्हणे. शिक्षकानं शिकवायला नकार दिला म्हणून पर्शियन घ्यावं लागलं.

आणि "मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले" हे कौतुकाचं वाक्यही खोटंच. १९०७ साली त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. तरी सत्कार झाला, कारण त्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणं हीच तेव्हा बातमी होती. तिथेच लेखक-शिक्षक केळुसकर गुरुजींनी त्यांना आपलं बुद्धचरित्र भेट दिलं.