पडद्यावरच्या कोकणात कोणी काम का करत नाही?

आमच्या देवगडकडे आषाढात टीव्ही लावायचा तर आधी आभाळ बघावं लागतं. मोठी सर आली की डिशच्या छत्रीचा सिग्नल जातो, सिग्नल राहिला तर लाईट जाते. यंदा भातलावणी आटपल्यावर लेक आठ दिवस राहायला आली, ती येताना टॅबवर बरेच सिनेमे उतरवून घेऊन आली होती. त्यामुळे या पावसात आम्ही तिघींनी, म्हणजे मी, लेक आणि 82 वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी, भरपूर बघितलं. त्यावर बरंच बोलायचं साठलंय.

सुरुवात सासूबाईंच्या एका प्रश्नापासून करते. एक मालिका चालू होती. नाव महत्त्वाचं नाही, अशा बऱ्याच झाल्या. कौलारू घर, सारवलेलं अंगण, तुळस, मागे माड. भर दुपारी घरातली आठही माणसं ओटीवर उभी राहून एकमेकांकडे रोखून बघतायत. सासूबाईंनी तीन-चार भाग मुकाट बघितले आणि मला विचारलं, "ह्येंका कामधंदो नाय काय गे?"

तेव्हापासून मी प्रत्येक सिनेमात आणि मालिकेत तेच शोधते. ही माणसं जेवतात कशावर? आमच्या घरात भर दुपारी आठ माणसं ओटीवर कधीच सापडणार नाहीत. पावसात मळ्यात असतील, नाहीतर आंब्याच्या कलमांना मोहोर धरावा म्हणून कल्टारचं औषध घालत असतील. दिवाळीनंतर मोहोर आला की फवारणी, मोहोर खाणाऱ्या तुडतुड्याची काळजी, मार्चपासून आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर, मग आंबे निवडणं, पेंढा घालून पेट्या भरणं, रात्री वाशीच्या बाजाराला जाणारी गाडी गाठणं. त्याच दिवसांत काजूच्या बिया गोळा करायच्या, मे महिन्यात रातांबे फोडून आमसुलं घालायची. हे सगळं बायका करतात, पुरुष करतात, शाळेची पोरंसुद्धा करतात. पडद्यावर मात्र आंब्याची पेटी फक्त पाहुण्याला भेट द्यायला येते.

'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये झी मराठीवर सुरू झाली तेव्हा आम्ही वेड्यासारखी बघितली, हे मान्यच आहे. मालिकेतला आकेरीचा तो वाडा आमच्या ओळखीच्या वाटेवरचा, मालवणी बोली रोज रात्री टीव्हीवर, आणि पांडू! प्रल्हाद कुडतरकरांचा सारखं 'इसारलंय', म्हणजे विसरलो, म्हणणारा पांडू आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ होता. त्या मालिकेने एक मोठं काम केलं: मुंबईत मालवणी बोलायला लाजणाऱ्या आमच्या मुलांना ती बोली अभिमानाची वाटू लागली. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक आले. तसा सत्तेचा माज चढलेला माणूस गावागावात होऊन गेलाय, त्यामुळे तो खराच वाटला. पण या यशानंतर जे झालं त्याचा मला त्रास होतो. कोकण म्हटलं की भूत, करणी, देवचार, अमावस्या हे समीकरण पक्कं झालं. शिवाय गोष्ट रत्नागिरीची असो की दापोलीची, माणसं मालवणीच बोलणार. संगमेश्वरी बोली वेगळी, रायगडातली आगरी वेगळी. आमच्या बोलीचा मान वाढला म्हणून शेजारच्यांची पुसली जाणं मला पटत नाही.

'तुंबाड' या भयपटाबद्दल थोडक्यात सांगते. भीतीपेक्षा मला त्यातला पाऊस आवडला. कित्येक पावसाळे थांबून चित्रण केलेला सिनेमा आहे आणि ते दिसतं. बादलीने ओतल्यासारखा पाऊस नाही तो, भिंतीतून घरात झिरपणारा पाऊस आहे. 'मुंज्या' लेकीला आवडला. मला त्यातल्या सुहास जोशींची आजी आवडली, बाकी फार नाही.

पण त्याच 'मुंज्या'च्या दिग्दर्शकाने, आदित्य सरपोतदारांनी, 2013 मध्ये 'नारबाची वाडी' केला होता. तो आम्ही या पावसात दोनदा बघितला. गोष्ट मूळची बंगाली, मनोज मित्रांच्या नाटकावरची. म्हातारा नारबा, त्याची वाडी आणि त्या वाडीवर डोळा ठेवून बसलेला खोत, म्हणजे गावचा जमीनदार. खोत नारबाला मरेपर्यंत दरमहा पैसे देणार आणि नारबा गेला की वाडी खोताची, असा करार. आणि नारबा मरायचं नावच घेत नाही! कथा बंगालातली असूनही आमची वाटली, कारण तिच्या मुळाशी हाताने जगवलेली झाडं आहेत. नारबा झालेले दिलीप प्रभावळकर माडाकडे ज्या नजरेने बघतात ती बघून सासूबाई म्हणाल्या, "ह्येना शिपणा केलेला आसतला." ज्याने माडांना पाणी घातलंय त्यालाच ती नजर येते असं त्यांचं म्हणणं. नटाला याहून मोठी दाद मला माहीत नाही.

त्याच प्रभावळकरांना बारा वर्षांनी 'दशावतार'मध्ये बघितलं. सिनेमा आला तेव्हा ते 81 वर्षांचे होते. बाबुली मेस्त्री हा थकलेला, नजर अधू होत चाललेला दशावतारी कलावंत, ज्याच्याने रंगमंच सुटत नाही. सिनेमाचा उत्तरार्ध मला थोडा भडक वाटला. त्यातला खाणीचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात जिवंत आहे, तो इतक्या झटपट सोडवायला नको होता. पण पहिला तास मी डोळे पुसत बघितला. माझे एक चुलत मामा दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की रात्रभर नाटक, पहाटे तोंडाचा रंग पुसून पुढच्या गावाला, आणि पावसाळ्यात परत चिखलात उतरून लावणी. संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे रचून बोलायचे. सीता म्हणून रडणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत पेज जेवायला बसलेला मी बघितलाय. कला आणि पोट एकाच शरीरात कसं नांदतं ते या सिनेमात दिसलं, म्हणून त्याच्या बाकीच्या उणिवा मी पोटात घालते.

माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात खरा सिनेमा मात्र अविनाश अरुणचा 'किल्ला'. 2014 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. गुहागरला चित्रित झालेला आहे. वडील गेलेला पुण्याचा अकरा वर्षांचा मुलगा आणि बदली होऊन आलेली नोकरदार आई. ती ऑफिसला जाते, तिथे तिच्यावर दबाव येतो, थकून घरी येऊन स्वयंपाकाला लागते. पोरं सायकली हाणतात, चिंबोऱ्या पकडतात. किल्ल्यावर पावसात एकटा राहिलेला तो मुलगा, चिन्मय, मित्रांना हाका मारत धावतो तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. कोणी भूत दाखवलेलं नाही, तरी भीती खरी. आणि समुद्र सुंदर दिसावा म्हणून कॅमेरा कुठेही थांबून राहत नाही.

अमृता सुभाष 'किल्ला'मध्ये आहे आणि त्याआधी 2004 च्या 'श्वास'मध्येही. 'श्वास' लेकीने पहिल्यांदाच बघितला. कोकणातून नातवाला घेऊन पुण्याच्या इस्पितळात आलेले आजोबा, डोळ्याचा कॅन्सर, आणि ऑपरेशनआधी पोराला जग बघून घेऊ दे म्हणून त्याला बाहेर घेऊन जाणं. अरुण नलावडे इस्पितळातल्या बाकावर ज्या अवघडलेपणाने बसतात, तसे माझे सासरे बसायचे. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई. त्या वाटेवरची घालमेल हा सिनेमा नेमकी ओळखतो.

आता शेजाऱ्यांकडे बघा. 'कांतारा' या कन्नड सिनेमात देव आहे, देव अंगात येण्याचा भूतकोला विधी आहे, गूढही आहे, पण ऋषभ शेट्टीने तो कुंदापूरकडच्या स्वतःच्या गावात, तिथल्या बोलीत केला, आणि सगळं भांडण जमिनीवरून आहे. 'कुंबलंगी नाइट्स' हा मल्याळम सिनेमा तर मी तुम्हाला हात जोडून बघायला सांगते. चार भाऊ, खाडीकाठचं मोडकं घर, रात्रीचं जाळं टाकणं. लग्न करायचं तर आधी नोकरी धर, असं मुलगीच त्या पोराला सांगते. माड तेच, खाडी तीच, मासळी तीच. त्यांना जे सुचतं ते आपल्याला का सुचू नये?

माझ्या डोक्यात एक सिनेमा आहे, कोणी करणारा असेल तर फुकट घेऊन जा. आमच्या पट्ट्यात कलमांची राखण करायला नेपाळहून कुटुंबं येतात. बागेतल्या खोपीत आठ-आठ महिने राहतात, आंबा संपला की परत जातात. आमच्या बागेतल्या कुटुंबातला सात-आठ वर्षांचा मुलगा संध्याकाळी आमच्या पडवीत टीव्ही बघायला यायचा. आई-वडिलांशी नेपाळी, शाळेत मराठी, आणि सासूबाईंशी चोख मालवणी. मे महिन्यात जाताना त्याने सासूबाईंना विचारलं, "आज्ये, मी येयसर कोणाक सांगतलंस गे गजाली?" मी येईपर्यंत गप्पागोष्टी कोणाला सांगशील, असं. सासूबाई अजून रोज संध्याकाळी पडवीतली त्याची जागा मोकळी ठेवून बसतात.